फायरवॉल गोठली तरी लाइन चालू राहावी म्हणून: बायपास लावण्याची पहिली शिकवणी

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही मध्यम कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये डोकावलं, तर रॅकचं चित्र थोड्याफार फरकाने सारखंच असतं. वर इंटरनेट कंपनीचा मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारी डबी), त्याखाली राउटर, मग फायरवॉल (ट्रॅफिक तपासून अडवणारा बॉक्स), मग कोअर स्विच (जिथून आतल्या सगळ्या केबल फुटतात). सगळा ट्रॅफिक एकामागे एक लावलेल्या या बॉक्समधून जातो, म्हणून त्यातला एक बसला की अख्खा प्लान्ट बसतो. आणि हल्ली नुसते मेल थांबत नाहीत. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या कंपनीला नेटशिवाय ई-इनव्हॉइसचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) मिळत नाही, ई-वे बिल निघत नाही आणि भरलेली गाडी गेटवर उभी राहते. डिस्पॅचचा पहिला फोन अर्थातच तुम्हाला येतो.

ज्यांना नुकतंच ‘नेटवर्क आता तू बघ’ असं सांगण्यात आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लाइनच्या मध्ये बसलेलं उपकरण मेलं तर लिंक कशी जिवंत ठेवायची, म्हणजेच त्या उपकरणाला वळसा (बायपास) कसा द्यायचा, एवढाच विषय. फायरवॉलचे रूल कसे लिहायचे ते इथे येणार नाही.

१. आधी साखळी कागदावर काढा

फायबर भिंतीतून आत येते तिथपासून कोअर स्विचपर्यंत प्रत्येक बॉक्स, प्रत्येक केबल, प्रत्येक अ‍ॅडॅप्टर कागदावर मांडा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: याची केबल काढली तर ट्रॅफिक थांबेल का? ‘हो’ असेल तर ते उपकरण इन-लाइन. फायरवॉल, आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारं उपकरण), बँडविड्थ मॅनेजर, वेब फिल्टर ही नेहमीची नावं. स्विचच्या मिरर पोर्टवर लावलेलं मॉनिटरिंग सर्व्हरसारखं काही असेल तर त्याला फक्त ट्रॅफिकची कॉपी मिळते. ते मेलं तरी लाइनला फरक पडत नाही. त्याला यादीतून काढा.

या यादीत हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे मीडिया कन्व्हर्टर आणि त्याचा काळा अ‍ॅडॅप्टर. लाखाची फायरवॉल यूपीएसवर आणि कन्व्हर्टर भिंतीवरच्या साध्या बोर्डावर, ही जोडी इतक्या ठिकाणी दिसते की यादी करताना अ‍ॅडॅप्टरची वायर हाताने शेवटपर्यंत चाचपून बघावी.

२. बॉक्स कसे कसे मरतात

वीज गेली, पॉवर सप्लाय जळाला, बॉक्स पूर्ण बंद. हा सगळ्यात सोपा मृत्यू, कारण तो दिसतो. लिंकचे लाइट विझतात, शेजारच्या राउटरला आणि स्विचला कळतं की पलीकडे कोणी नाही.

खरा वैताग गोठण्याचा. पंखा फिरतोय, हिरवे लाइट लुकलुकतायत, स्विचवर पोर्ट ‘अप’ दिसतोय आणि एकही पॅकेट पलीकडे जात नाही. कधी मेमरी भरलेली असते, कधी सिग्नेचरचं (हल्ल्यांच्या खुणांच्या यादीचं) अपडेट अर्ध्यात अडकतं, कधी तपासणी करणारी प्रोसेस पडते पण खालची ऑपरेटिंग सिस्टिम मजेत चालू असते. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या कोंदट खोलीत, ग्राइंडिंगची धूळ जाळीत बसलेली असेल, तर हे प्रकार वाढतात. लाइट चालू असल्यामुळे शेजाऱ्यांना काहीच पत्ता लागत नाही, आणि तुम्ही पहिला अर्धा तास इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरशी भांडण्यात घालवता.

मधला प्रकार म्हणजे रीबूट आणि फर्मवेअर अपग्रेड. बॉक्स मेलेला नाही, पण तीन ते दहा मिनिटं तो कामाचाही नाही.

बायपास घेताना विक्रेत्याला हेच विचारायचं: यातल्या कोणत्या मृत्यूत तुमचा बायपास लागतो? ब्रोशरवर ‘बायपास सपोर्ट’ लिहिलेलं असतं. स्वस्त बॉक्समध्ये त्याचा अर्थ बहुधा फक्त वीज गेल्यावरचा बायपास असतो. बायॉसमध्ये किंवा सेटिंगमध्ये तीन वेगळ्या गोष्टी शोधा: पॉवर बंद असताना, बूट होत असताना, आणि चालू असताना वॉचडॉगमुळे (बॉक्स गोठलाय का ते बघणारा टायमर, पुढे येतो). तिसरी नसेल तर गोठण्यावर इलाज नाही.

३. उघडं राहू द्यायचं की बंद?

जुना जकात नाका आठवा. नाक्यावरचा माणूस चक्कर येऊन पडला, तर दांडा वर राहू द्यायचा की खाली? वर राहिला तर गाड्या न तपासता जातात, खाली राहिला तर रांग लागते. नेटवर्कमध्ये पहिल्याला फेल-ओपन म्हणतात, दुसऱ्याला फेल-क्लोज. बायपास म्हणजे फेल-ओपन.

हा निर्णय आयटीवाल्याने एकट्याने घेऊ नये, आणि सगळ्या लिंकना एकच उत्तर लावू नये. ऑफिसच्या इंटरनेट लाइनवर आयपीएस बसवलाय, त्याच्या पलीकडे राउटरवर नॅट (आतले खासगी पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे झाकणं) आहे आणि आतून बाहेर जाणाराच ट्रॅफिक मुख्य आहे. इथे अर्धा तास न तपासता गेलेला चालू शकतो. पण ऑफिस नेटवर्क आणि शॉप फ्लोअरवरच्या पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर) यांच्यामध्ये जी फायरवॉल आहे, ती मेली तर मी दांडा खालीच ठेवेन. मशीन स्वतःच्या नेटवर्कवर चालत राहतात, फक्त रिपोर्ट वर येत नाहीत. कोणाच्या तरी लॅपटॉपवरचा व्हायरस थेट पीएलसीपर्यंत पोचण्यापेक्षा ते परवडलं.

मालकाला किंवा प्लान्ट हेडला दोन ओळींत लिहून विचारा आणि उत्तर मेलवरच घ्या. तोंडी ‘चालू राहिलं पाहिजे बाबा’ असं सांगणारा माणूस पुढे रॅन्समवेअर आल्यावर वेगळं बोलतो.

४. बायपास लागू तरी होतो का, ते बघा

नवखे सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

बायपास म्हणजे बॉक्सचे दोन पोर्ट एकमेकांना सरळ जोडणं. जणू मध्ये बॉक्स नव्हताच, राउटरची केबल थेट स्विचला गेली. हे तेव्हाच चालतं जेव्हा बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकच आयपी नेटवर्क असतं, म्हणजे बॉक्स ट्रान्सपरन्ट किंवा ब्रिज मोडमध्ये असतो.

तुमची फायरवॉल कशात आहे हे कळायला एका पीसीवर आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड मारा आणि डीफॉल्ट गेटवे (बाहेर जाताना पीसी ज्या पत्त्याकडे ट्रॅफिक देतो तो) बघा. तो पत्ता फायरवॉलचा असेल, तर ती राउटिंग मोडमध्ये आहे, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी नेटवर्क आहेत. गेटवे कोअर स्विचचा असेल, तर स्विचवर जाऊन त्याचा पुढचा हॉप बघा. तिथे फायरवॉल दिसली तरी उत्तर तेच. अशा फायरवॉलला बायपास लावला तर दोन्ही पोर्ट जोडले जातील, लाइट लागेल, आणि पीसी ज्या गेटवेला शोधतायत तो मेलेलाच असेल. वर, नॅट आणि पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीकडचं) लॉगिन फायरवॉलवरच असेल तर आतले खासगी पत्ते थेट इंटरनेट कंपनीच्या दारात जाऊन उभे राहतील. काम काही होणार नाही, आणि सुरक्षेच्या नावाने बोंब.

मग दोन मार्ग उरतात. एक: नॅट आणि लॉगिन राउटरवर न्या, फायरवॉलला ब्रिज मोडमध्ये टाका आणि तिला बायपास द्या. छोट्या ऑफिसला हे पुरतं, फक्त राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आतल्या पीसीपर्यंतची वाट) उघडं सोडू नका, कारण बायपासच्या काळात तेवढाच दरवाजा राखायला राउटर असतो. दोन: फायरवॉल राउटिंग मोडमध्येच ठेवा आणि दोन फायरवॉलची जोडी लावा. जोडीबद्दल पुढे येतं.

५. आतला बायपास, बाहेरचा बायपास

आतल्या बायपासमध्ये नेटवर्क कार्डावरच्या दोन पोर्टांच्या मध्ये छोटे रिले (विजेवर चालणारे स्विच) असतात. बहुतेक कार्डांत वीज असेपर्यंत रिले पोर्टांना बॉक्सच्या आत जोडून धरतो. वीज गेली की तो सुटतो आणि दोन्ही पोर्ट एकमेकांना भिडतात. शांत खोलीत प्लग काढून कान लावलात तर ‘टक्’ असा बारीक आवाज ऐकू येतो. गोठण्यासाठी वॉचडॉग टायमर असतो: सॉफ्टवेअरने ठरावीक वेळात त्याला ‘मी जिवंत आहे’ असं सांगत राहायचं, नाही सांगितलं की टायमर रिले सोडतो. मेख अशी की हे ‘सांगणं’ कोण करतं ते बघावं लागतं. ऑपरेटिंग सिस्टिमची एखादी साधी सर्व्हिस ते करत असेल, तर तपासणीची प्रोसेस मेली तरी ती सर्व्हिस इमानेइतबारे ‘जिवंत आहे’ म्हणत राहील आणि बायपास लागणारच नाही.

बाहेरचा बायपास स्विच ही वेगळी पेटी. तिला एका लिंकसाठी चार पोर्ट: दोन नेटवर्ककडे, दोन उपकरणाकडे. ती उपकरणाच्या एका पोर्टातून हार्टबीट पॅकेट आत टाकते आणि दुसऱ्या पोर्टातून ते बाहेर येतं का ते बघते. ठरवलेल्या संख्येइतके हार्टबीट आले नाहीत की उपकरणाला बाजूला काढते. खरा ट्रॅफिक ज्या वाटेने जातो त्याच वाटेने हार्टबीट जात असल्यामुळे गोठलेला बॉक्स इथे पकडला जातो. शिवाय फायरवॉल रॅकमधून काढून दुरुस्तीला पाठवली तरी लाइन चालूच. परवडत असेल तर मी बाहेरचाच घ्यायला सांगेन. मात्र कोणी चुकीचा रूल लिहून सगळ्यांचा ट्रॅफिक अडवला, तर हार्टबीट बहुधा आरामात जाईल आणि पेटीला सगळं आलबेल वाटेल. त्या रोगावर औषध म्हणजे कॉन्फिगचा बॅकअप.

हार्टबीट फार घाईचा ठेवू नका. सेकंदाला एक आणि तीन चुकले की बायपास, इथून सुरुवात करा. कमी केलात तर अपडेटच्या वेळी क्षणभर ताण आला तरी पेटी उड्या मारते.

६. केबल जोडताना

बायपास लागला की दोन केबलची एक केबल होते. सगळी लफडी इथून निघतात.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. राउटर ते फायरवॉल ७० आणि फायरवॉल ते स्विच ५० असेल तर रोजचं काम छान चालेल, बायपासमध्ये मात्र १२० मीटर होतील आणि लिंक येईल न येईल. एकाच रॅकमध्ये असाल तर प्रश्न नाही. शेडच्या दुसऱ्या टोकाला राउटर असेल तर मोजा.

स्पीड आणि डुप्लेक्स. समजा राउटरच्या पोर्टला कोणी तरी १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर (पाठवणं आणि घेणं एकाच वेळी) खिळवून ठेवलंय आणि स्विच ऑटोवर आहे. मध्ये फायरवॉल असताना तिने दोघांशी वेगवेगळं जुळवून घेतलं होतं. बायपासमध्ये दोघे समोरासमोर आले की स्विचला समोरून वाटाघाटीचा सिग्नल मिळत नाही, तो १०० तर ओळखतो पण हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच) धरतो. लाइट लागतो, पिंगही जातं, पण मोठी फाइल सरकत नाही. हा दोष शोधायला फार त्रास होतो, कारण ‘लाइन तर चालू आहे’ असं सगळे म्हणत असतात. उपाय साधा आहे: दोन्ही टोकं ऑटोवर. ऑटो काढलं की अनेक उपकरणांत सरळ-क्रॉस केबल आपोआप ओळखणंही बंद होतं, तेही डोक्यात असू द्या.

फायबर असेल तर दोन्ही टोकांचे मॉड्यूल एकाच जातीचे हवेत. एका बाजूला मल्टिमोडचं एसआर आणि दुसऱ्या बाजूला सिंगलमोडचं एलआर असेल तर फायरवॉल मध्ये असताना चालतं, ऑप्टिकल बायपास काही रूपांतर करत नाही. बायपासच्या पेटीत प्रकाश थोडा कमीही होतो. किती डीबी ते डेटाशीटमध्ये असतं, ते लिंकच्या हिशेबात धरा.

आणि स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचच्या जाळ्यात ट्रॅफिक गोल फिरत राहू नये म्हणून पोर्ट रोखून धरणारी व्यवस्था. रिले हलताना लिंक क्षणभर तुटते. जुना ८०२.१डी स्पॅनिंग ट्री चालू असलेल्या स्विचला वाटतं नवीन काही लागलंय, आणि तो १५ सेकंद ऐकण्यात, १५ शिकण्यात घालवतो. म्हणजे बायपास डोळ्याचं पातं लवायच्या आत लागला तरी लाइन अर्धा मिनिट मेलेलीच. राउटरकडे जाणारा पोर्ट एज पोर्ट म्हणजे पोर्टफास्ट करा, मग तो न थांबता लगेच चालू होतो. पलीकडे राउटर नसून दुसरा स्विच असेल तर एज करू नका. दोन्हीकडे रॅपिड स्पॅनिंग ट्री ठेवा.

७. प्लग ओढून बघा

विक्रेत्याचा माणूस बसवून, स्क्रीनवर ‘बायपास एनेबल्ड’ दाखवून, सही घेऊन निघतो. त्याला जाऊ देऊ नका. साप्ताहिक सुट्टीचा दिवस किंवा दोन शिफ्टमधली वेळ ठरवा, डिस्पॅचला आधी कळवा आणि त्याच्यासमोर टेस्ट घ्या.

एका पीसीवर दोन पिंग चालू करा: एक राउटरच्या आतल्या पत्त्याला, एक बाहेर ८.८.८.८ ला. पहिला तुटला तर दोष तुमच्या साखळीत, फक्त दुसरा तुटला तर बाहेर. विंडोजवर नुसतं मायनस टी (-t, थांबवेपर्यंत पिंग चालू) देऊन तुटलेल्या ओळी मोजू नका, कारण उत्तर नाही आलं तर विंडोज एकेका ओळीला ४ सेकंद थांबतं. ‘तीनच पॅकेट गेले’ म्हणजे प्रत्यक्षात बारा सेकंद असू शकतात. मायनस डब्ल्यू ५०० (-w 500, म्हणजे ५०० मिलिसेकंदच थांब) जोडा, म्हणजे एक ओळ साधारण एका सेकंदाची होईल. लिनक्स असेल तर मायनस आय ०.२ (-i 0.2) ने सेकंदाला पाच पॅकेट जातात, हिशेब आणखी बारीक होतो.

आता फायरवॉलची पॉवर केबल मागून ओढा. बटणाने शटडाउन नको; शटडाउनमध्ये सॉफ्टवेअर नीट आवरून जातं, खरा अपघात तसा होत नाही. किती सेकंद तुटलं ते लिहा. तांब्याच्या केबलवर गिगाबिट लिंक परत जुळायला दोन-तीन सेकंद जातात, तेवढं मान्य करा. तीस सेकंद लागले तर वरचा स्पॅनिंग ट्रीचा परिच्छेद परत वाचा. पिंगवर थांबू नका. बायपासमध्येच एक मोठी फाइल डाउनलोड करा, ईआरपी (कंपनीचं हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) उघडा, म्हणजे डुप्लेक्सची खोट बाहेर येईल.

मग पॉवर परत द्या आणि बूट होताना काय होतं ते बघा. काही बॉक्समध्ये वीज येताच बायपास सुटतो आणि सॉफ्टवेअर उभं राहीपर्यंतची चार-पाच मिनिटं लाइन मेलेली राहते.

शेवटी गोठण्याची टेस्ट. विक्रेत्याला सांगा, बॉक्स चालू ठेवून तपासणीची प्रोसेस थांबव. तो कुरकुर करेल. करू द्या, पण ही टेस्ट झाल्याशिवाय बिलावर सही नको.

८. परत येताना

बॉक्स शुद्धीवर आला की लगेच त्याला लाइनमध्ये घेऊ नका. तो दर दहा मिनिटांनी पडत-उठत असेल तर लाइनही तेवढ्याच वेळा झटके खाईल, आणि त्यापेक्षा सरळ बायपासमध्ये राहिलेलं बरं. परतीला काही मिनिटांचा उशीर ठेवा किंवा परती हाताने करायची असं सेट करा. मी हाताने करायच्या बाजूचा आहे.

दुसरं, परत आलेल्या फायरवॉलला मधल्या काळात सुरू झालेली कनेक्शन माहीत नसतात. कडक फायरवॉल त्यांची पॅकेट टाकून देते, म्हणून परतीच्या क्षणी ईआरपीचे सेशन तुटतात. लिनक्सवर चालणाऱ्या बॉक्सचं कनेक्शन ट्रॅकिंग मूळ सेटिंगमध्ये अशी मधूनच आलेली टीसीपी कनेक्शन उचलून घेतं. तुमच्या बॉक्सवर ते कोणी बंद केलंय का ते बघा. परतीची वेळ जेवणाच्या सुट्टीत ठेवली तर कोणाला कळतही नाही.

९. बायपास चालत नसेल तिथे जोडी

राउटिंग मोडच्या फायरवॉलला दुसरी फायरवॉल हाच पर्याय: एक काम करते, दुसरी पाहत बसते. दोघींमध्ये एक आभासी गेटवे पत्ता असतो, तो जी जिवंत असेल तिच्याकडे जातो. हा पत्ता सांभाळणाऱ्या व्हीआरआरपी प्रोटोकॉलमध्ये मुख्य बॉक्स दर सेकंदाला ‘मी आहे’ असं सांगतो. मूळ सेटिंगमध्ये, प्रायॉरिटी १०० असलेला दुसरा बॉक्स साधारण ३.६ सेकंद वाट बघून काम हातात घेतो. दोन्ही बॉक्स एकाच यूपीएसवर, एकाच पट्टीत लावले तर जोडीचा खर्च पाण्यात.

आणि दुसरी इंटरनेट लाइन. सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिकचे रस्ते खणले जातायत; जेसीबीने फायबर तोडली तर तुमचा बायपास कितीही चांगला असो, उपयोग शून्य. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची घेणं पुरेसं नाही. दोन्ही केबल एकाच खांबावरून, एकाच चरातून येत असतील तर एकाच फावड्यात दोन्ही जातात. कंपनीच्या लाइनमनला गेटपासून चालत जाऊन वाट दाखवायला सांगा. वायरलेस लिंक किंवा सिम असलेला राउटर दुसरी वाट म्हणून ठेवला तर खणण्याची चिंता बरीच कमी होते. ई-वे बिल काढायला तेवढा वेग पुरतो.

१०. काहीच बजेट नसेल तर

ब्रिज मोडमधल्या फायरवॉलला हाताने बायपास देता येतो. एमजी रोडवर मिळणारा साधा आरजे४५ कपलर (दोन नेटवर्क केबल एकमेकींना जोडणारा तुकडा) आणा. फायरवॉलच्या बाहेरच्या आणि आतल्या केबलला पिवळी लेबलं लावा, अ आणि ब. रॅकच्या दारावर कागद चिकटवा: ‘फायरवॉल बंद असेल आणि आयटीचा फोन लागत नसेल तर अ आणि ब काढून कपलरमध्ये जोडा. दुसऱ्या कुठल्याही केबलला हात लावू नका.’ कपलर त्याच कागदाखाली पिशवीत अडकवा. रात्रपाळीच्या सुपरवायझरकडून एकदा करवून घ्या, म्हणजे त्याच्या हाताला सवय होते. फेल-क्लोज ठरवलेल्या लिंकच्या केबलला ही लेबलं लावायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

त्याच कागदाखाली एक वही ठेवा: बायपास कधी लागला, कोणी लावला, कधी काढला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि त्यात सांगितलेल्या सायबर घटना ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात. बायपासच्या काळात फायरवॉलकडे लॉग नसतो, म्हणून राउटरचा लॉग एखाद्या सर्व्हरवर कायम पाठवत राहा, आणि वहीतली वेळ व राउटरचं घड्याळ जुळावं म्हणून राउटरवर एनटीपी (घड्याळ नेटवरून जुळवणारी सोय) चालू करा.